मागून आलेले दोन ठोके

तुमच्या मागे चालणारं माणूस तुमचंच आहे, हे तुम्ही शेवटचं कधी वळून बघितलंत?

प्रश्न खोचक वाटला तर वाटू द्या. मला कुणी हा प्रश्न आधी विचारला असता तर मी त्यालाच उलटे चार विचारले असते. भूत, चकवा, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता. नुसता विश्वास नव्हता असं नाही – मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिलीत, चौकात उभं राहून वाटलीत. माझे बाबा तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात वह्यांना कव्हर पत्रकांचं, कपाटात कपड्यांखाली अंथरलेली पत्रकं. माझी अक्षरओळखसुद्धा ‘कामगार बंधू-भगिनींनो’वरून झाली. नाव क्रांती ठेवलं, यावरून बाकीचं समजून घ्या. बोईसरजवळच्या पाम गावात आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. दहावीत असताना मी तिच्यासमोर उभं राहून भाषण ठोकलं होतं. मार खाल्ला, मत बदललं नाही.

आजही बदललेलं नाही. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

गोष्ट गेल्या वर्षीची. गणपती विसर्जन होऊन गेलं होतं, त्यानंतरचा रविवार. आमचा बोईसरचा एक छोटा गट आहे – कुणी प्लांटमध्ये, कुणी दुकानात, मी स्वतः डीटीपीचं काम करते. महिन्यातून एकदा कुठेतरी चालायला जातो. या वेळी बाबा म्हणाले, मीपण येणार.

“जन्मभर त्या धुरांड्यांखाली उभा राहिलो,” ते म्हणाले. “एकदा वरून बघू दे, केवढी दिसतात ती.”

बाबा निवृत्त होताना प्लांटमधून फंड घेऊन आले आणि खोकला घेऊन आले. फंड संपला, खोकला आहे. डॉक्टर म्हणाले होते, चाला, पण घाई करू नका. मी नको म्हणाले. पण आमच्या घरात मतदान झालं की बाबा नेहमीच बहुमतात असतात.

डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, रील काढायला गर्दी नको, अशी तिथल्या लोकांची अट आहे. जागा मात्र सांगते. बोईसरहून चिल्हार फाट्याच्या रस्त्याने निघायचं, हायवे ओलांडायचा. पुढे पूर्वेला आत एक पाडा आहे, त्याच्या अलीकडे ओढ्यापाशी डांबरी रस्ता संपतो. पाड्यामागे सागाचं रान, रानातून चढ, आणि वर एक लांब, अरुंद धार. तिला तिथले लोक दांड म्हणतात. दांडाच्या त्या टोकाला माथा. आकाश मोकळं असलं तर माथ्यावरून पश्चिमेला समुद्र आणि तारापूरची धुरांडी दिसतात... असं म्हणतात. मी अजून पाहिलेली नाहीत.

आमचे वाटाडे होते देवजीदादा. वारली, चाळिशीचे, चार तुकडे भातशेती. दिवाळीनंतर बायकापोरांसकट वीटभट्टीवर जातात, पावसाळ्यात आमच्यासारख्यांना डोंगर दाखवतात. तोंड एक मिनिट बंद नाही.

“ताईचं नाव काय?”

“क्रांती.”

“मंग डोंगर चढायला आली का हलवायला?”

सगळे हसले. मग त्यांची नजर बाबांकडे गेली. “काका, तुमाला जमंल ना? नायतर माझी सासू हाय घरी, तिच्यासंगती बसा गप्पा मारत. तिला ऐकू येत नाय, तुमाला बोलताना दम लागतो. बरं जमंल दोघांचं.”

“सासूबाईंना सांगा, उतरताना येतो,” बाबा म्हणाले.

चढ बाबांनी चांगला काढला. खोकत, थांबत, पण काढला. हातात त्यांची जुनी काठी – मोर्च्यातल्या झेंड्याची. झेंडा कधीच विरला, टोकाला लाल कापडाची एक पट्टी तेवढी घट्ट बांधलेली राहिलीय. ती काठी बाबा कुणाला देत नाहीत. घरात आम्ही कोळिष्टकं काढायला मागितली तरी देत नाहीत.

रान संपलं तिथे एक मोठं झाड आणि झाडाखाली एक दगड. दगडावर पानांच्या फांद्यांचा ढीग – खालच्या वाळलेल्या, वरच्या ताज्या. देवजीदादांनी एक डहाळी मोडून ठेवली आणि आम्हाला म्हणाले, “ठेवा एकेक. दांड लागतो इथून.”

“कुणासाठी?” मी विचारलं.

“जे गेले आन् परत नाय आले, त्यांच्यासाठी.”

“त्यांना फांदी देऊन काय होणार, दादा? त्यापेक्षा रेलिंग लावा.”

“तुमी आणा रेलिंग, आमी लावतो,” देवजीदादा म्हणाले.

सुशांत खो-खो हसला. हा आमच्या गटातला, एका प्लांटच्या लॅबमध्ये आहे, माझी फजिती झाली की त्याचा दिवस चांगला जातो. मी फांदी ठेवली नाही. पण मागे बघते तर बाबा वाकून एक डहाळी ठेवत होते. नीट. देठ आत, पानं बाहेर.

माझं डोकं फिरलं. “बाबा, तुम्ही?”

“चल, ढग येतोय,” एवढंच बोलले.

आणि खरोखर येत होता. पूर्वेच्या दरीतून पांढरा लोट वर चढत होता. समोरचा दांड मधूनच दिसायचा, मधूनच नाहीसा व्हायचा. दोन माणसं शेजारी उभी राहू शकणार नाहीत एवढी रुंदी. दोन्ही बाजूंना काय होतं ते दिसत नव्हतं, हे एका अर्थी बरंच.

मग देवजीदादांनी काठ्यांची रीत सांगितली. ही नीट वाचा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

पाड्यातले लोक ढगात दांडावरून जातात तेव्हा एकमेकांना हाका मारत नाहीत. हाक दरीत पडते आणि भलतीकडून परत येते, मग माणूस भलतीकडे वळतो. म्हणून प्रत्येकाच्या हातात काठी – आम्हालाही पाड्यातून एकेक मिळाली होती. पहिला माणूस खडकावर एक ठोका देतो, त्याच्यामागचा एक, त्याच्यामागचा एक... असं करत ठोका मागपर्यंत जातो. सगळ्यात शेवटचा माणूस – त्याला ‘शेपूट’ म्हणतात – दोन ठोके देतो. दोन आले की रांग पूर्ण, चालायला लागायचं.

“आन् दोन नाय आले,” देवजीदादा म्हणाले, “तर जिथं हाय तिथं उभं ऱ्हायचं. वळायचं नाय, धावायचं नाय. मी येतो मागं. डोळं पायाकडं, कान मागं. समजलं?”

शेपूट म्हणून त्यांनी राकेशला उभं केलं. राकेश गोरखपूरचा, बोईसरला वेल्डर, अंगाने बैलासारखा.

“नाही,” बाबा म्हणाले. “शेपूट मी.”

“अरे चाचा, आप बीच में चलो ना, आराम से,” राकेश म्हणाला.

“मी शेवटीच चालतो.”

हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी लहान असताना बाबांच्या प्लांटमध्ये वायुगळती झाली होती. सगळे बाहेर आले, असं गेटवर ओरडून सांगितलं गेलं. सगळे आले नव्हते. एक कंत्राटी कामगार आत राहिला, डोंगराकडच्या कुठल्याशा पाड्यातला. बाबांच्या हाताखाली होता. त्याचं नाव बाबा घरात घेत नाहीत. पण तेव्हापासून लग्नाचा हॉल असो की एसटी, बाबा सगळे उतरल्यावर उतरतात. आत एकदा बघून.

देवजीदादांनी खांदे उडवले. राकेश त्यांच्या मागे गेला. मग बाकीचे, मग सुशांत, मग मी. माझ्या मागे बाबा.

दांडावर पाय ठेवला आणि थोड्याच वेळात ढगाने आम्हाला गिळलं. सुशांतची पाठ दिसत होती, त्यापुढे काही नाही. पायाखालचा खडक ओला, कडेला गवत, गवताच्या पलीकडे पांढरं. लांबून ठोका आला, एकेक करत जवळ आला – सुशांतचा, माझा... आणि माझ्या अगदी मागे, हाताच्या अंतरावर: ठक-ठक.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

असं किती वेळा झालं मोजलं नाही. चालायचं, थांबायचं, ठोका, ठक-ठक, पुन्हा चालायचं. पण माझं डोकं त्या फांदीवर अडकलं होतं. दांड मधे थोडा सपाट झाला तेव्हा मला राहवलं नाही. वळायचं नव्हतं म्हणून समोर बघूनच बोलले.

“बाबा, तुमच्या पत्रकांवर वाढले मी. तुम्हीच दगडापुढे वाकायला लागलात तर मी कुणाकडे बघायचं?”

मागून काही नाही.

“रागावलात का? ऐकताय ना?”

ठक-ठक.

पुढून ठोका आलेला नव्हता. तरी ते दोन आले. मला वाटलं, म्हातारा चिडवतोय. सुशांतलाही ऐकू आलं. तो न वळता म्हणाला, “काका जाम भडकलेत, गप बस आता.”

“बोला ना तोंडाने!” मी म्हटलं.

ठक-ठक.

मी चालत राहिले. एक गोष्ट मात्र तेव्हाच जाणवली होती... बाबा खोकत नव्हते. दांड लागल्यापासून एकदाही नाही. मी मनाशी म्हटलं, वरची हवा मानवली.

मग एका जागी, डाव्या हाताला कमरेएवढा खडक होता तिथे, आम्ही थांबलो. पुढून ठोका आला. सुशांतचा आला. मी दिला.

मागे काही नाही.

पुन्हा दिला. काही नाही.

“बाबा?”

वळायचं नाही हा नियम मी मोडला. वळले. मागे ढग. आणि कमरेएवढ्या त्या खडकाला टेकवून, अगदी सरळ, कुणीतरी नीट ठेवावी तशी उभी बाबांची काठी. लाल पट्टी ओली होऊन तिला चिकटलेली. माणूस नाही.

मी किंचाळले. माझीच किंकाळी खालून, दरीतून परत आली, आणि क्षणभर मला वाटलं, बाबा खालून ओरडतायत. तेवढ्यात पुढून एकेकाला चिकटत, रांगत देवजीदादा आले. त्यांनी काठी बघितली. खाली वाकून त्यांनी कडेचं गवत बघितलं, दोन्ही बाजूंचं. गवत कुठे मोडलेलं नव्हतं.

“पडला नाय,” ते म्हणाले. “कुणी हालायचं नाय. मी जातो मागं.”

मी ऐकलं नाही. त्यांच्या मागून गेले, बरंचसं हातापायांवर. तो सगळा दांड आम्ही उलटा आलो. वाटेत कुणी नाही. दांड संपला, झाड दिसलं, आणि झाडाला पाठ टेकून बसलेले बाबा दिसले. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने चिंब, एक हात छातीवर.

माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “आलीस? म्हणजे निरोप मिळाला.”

“कसला निरोप?”

त्यांना पुढे बोलवेना. देवजीदादा परत जाऊन एकेकाला दांडावरून घेऊन आले. सुशांत आणि राकेशने आळीपाळीने बाबांना पाठीवर घेऊन रान उतरवलं. पाड्यापासून ओढ्यापर्यंत पाड्यातल्या चौघांनी त्यांना डोलीत नेलं – बांबू आणि चादर. हात सराईत होते त्यांचे. बाळंतिणींना ते असंच नेतात, कारण ओढ्यावरच्या पुलाचा नारळ फुटलाय, पूल झालेला नाही. यावर मी वेगळं लिहीन, आणि नावं घेऊन लिहीन.

हॉस्पिटलमध्ये कळलं – हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, माथ्यावर जाऊन येईपर्यंत ते तिथे बसून राहिले असते तर काही हाती लागलं नसतं.

बोलायला लागल्यावर बाबांनी सांगितलं ते असं.

“दांडावर दोन-चार पावलं टाकली आणि छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखं झालं. तू पुढे होतीस, तणतणत. हाक मारली असती तर सगळी रांग माघारी फिरली असती. म्हटलं, माझ्यापायी सगळ्यांचा माथा कशाला चुकवायचा? मागे वळलो तर तो उभा.”

“कोण?”

“एक माणूस. अनवाणी. मला वाटलं, देवजीचाच कुणी. मला म्हणाला, ‘तुमी बसा. काठी द्या. शेपूट मी होतो.’”

“आणि तुम्ही दिलीत? ती काठी?”

“दिली.” बाबांनाही त्याचं नवल वाटत होतं. “त्याला म्हटलं, पुढे माझी मुलगी आहे, तिला सांग मी इथे बसलोय. म्हणाला, ‘सांगतो.’”

“चेहरा कसा होता?”

“ढग होता गं.”

“ओळखीचा होता?”

“निळा शर्ट होता,” बाबा म्हणाले. “आता निळे शर्ट काय, सगळेच घालतात.”

बाबांच्या प्लांटचा युनिफॉर्म निळा होता.

फांदीचं मी नंतर विचारलंच. म्हणाले, “तिथे कुणीतरी मागे राहिलं असेल ना. राहिलेल्याला मान द्यायला देव कशाला लागतो?”

आता तुम्ही म्हणाल, प्रतिध्वनी. मी म्हणाले होते ना, मी पत्रकवाली आहे. दिवाळीआधी मी, सुशांत आणि देवजीदादा पुन्हा त्या दांडावर गेलो, त्याच खडकापर्यंत. स्वच्छ ऊन होतं. ठोके देऊन बघितले. एकाचे दोन कुठेही होत नाहीत. मला भास झाला म्हणाल, तर सुशांतने ऐकलंय, आणि तो माझ्या बाजूने खोटं बोलायचा नाही. बाबा काठी ठेवून परत गेले म्हणाल, तर त्या अवस्थेत, त्या दांडावरून? आणि काठी तर माझ्या मागे होती. ती तिथवर कुणीतरी आणली. दुसरा एखादा गट असेल? पाड्यातून त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी वर गेलं नाही. मी घरोघर विचारलंय.

देवजीदादांना मी सरळ म्हटलं, “हे तुमच्या त्या फांदीवाल्यांपैकी कुणी?”

“मला नाय ठाव, ताई,” ते म्हणाले. “माझ्या बापानं असं कदी सांगितलं नाय. बाप सगळं सांगायचा, नको ते बी सांगायचा. हे नाय सांगितलं.” मग म्हणाले, “आता मी शेपटाला घरचा माणूस ठेवतो. आन् मधीमधी त्याला शिवी देतो. उलटी शिवी आली की समजायचं, आपलाच हाय.”

हसले मी. पण रात्री झोप लागत नाही ती नाहीच. कारण मला भीतीपेक्षा राग जास्त आहे. त्याने ‘सांगतो’ म्हटलं. सांगितलंही – ठोके थांबवून. ते थांबले नसते तर आम्ही माथ्यावर पोचलो असतो आणि बाबा गेले असते. मान्य. पण मग आधी ते ठोके दिलेच का? पहिल्याच वेळी मागून काही आलं नसतं तर मी चार पावलांत परत फिरले असते. सगळे आहेत, रांग पूर्ण आहे, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि माझा बाप तिकडे एकटा घामाने भिजत बसला होता. वाचवायचं होतं की फसवायचं होतं? की त्याला थोडा वेळ, नुसतं रांगेत चालायचं होतं?

मला माहीत नाही. विश्वास आजही नाही, आणि काठी आजही दाराच्या मागे उभी आहे. बाबा तिला हात लावत नाहीत. म्हणतात, मी ती दिलीय, आता ती त्याची.

म्हणून दोन गोष्टी मागते. रांगेत चालत असाल – डोंगरावर, मोर्च्यात, प्लांटच्या गेटातून बाहेर पडताना – तर ‘सगळे आले’ या आवाजावर राहू नका. वळा आणि माणूस बघा. नियम मोडून वळा.

आणि दुसरं. तुम्ही पालघर, मनोर, बोईसर, वाणगाव, या बाजूचे असाल तर आपापल्या पाड्यात, गटात, प्लांटमध्ये विचारा – विसर्जनानंतरच्या त्या रविवारी, ढगात, निळा शर्ट घातलेल्या कुणी एका म्हाताऱ्याच्या हातून लाल पट्टीची काठी घेतली होती का? असा जिवंत माणूस सापडला तर इथे खाली लिहा, मी असेन तिथून येईन. बाबांना त्याचे आभार मानायचेत. मला त्याला जाब विचारायचाय. आधी कुणी बोलायचं ते आम्ही घरात ठरवू.